शिकागोत होड्या जमिनीवरून किती अंतर वाहून न्यायचे?

तुम्ही एकच आकडा विचारलाय, पण तो ऋतूप्रमाणे बदलायचा.

पूर्वेला शिकागो नदी. ती मिशिगन सरोवराला मिळायची आणि ते पाणी शेवटी सेंट लॉरेन्स नदीतून अटलांटिकला जायचं. पश्चिमेला थोड्याच मैलांवर डेस प्लेन्स नदी, तिचं पाणी इलिनॉय नदीतून मिसिसिपीला. मध्ये घाटबिट काही नाही, सपाट माळ आणि त्यात मड लेक नावाची दलदल. बर्फ वितळून डेस प्लेन्स फुगली की होडी पाण्यातूनच पलीकडे. कोरड्या दिवसांत मात्र होडी खांद्यावर नि सामान पाठीवर, आणि डेस प्लेन्सही आटलेली असली तर ही पायपीट मैलोन्‌मैल लांबायची.

ही वाट मूळ रहिवाशांच्या रोजच्या माहितीतली. 1673 मध्ये मिसिसिपीहून परतणाऱ्या जोलिए आणि मार्केत या फ्रेंचांना ती त्यांच्याकडूनच कळली. जोलिए म्हणाला, अर्धा लीग, म्हणजे दोनेक किलोमीटर कालवा खणला की काम झालं! पुढे ला साल या दुसऱ्या फ्रेंचाने हे खोडून काढलं: नदीच्या मुखाशी वाळूचा बांध आहे आणि उन्हाळ्यात डेस प्लेन्सला पाणीच नसतं. माझं मत ला सालच्या बाजूने.

या वाटेवरचे हाल वाचायचे तर गर्डन हबर्डची आठवण वाचा. 1818 मध्ये सोळा वर्षांचा हा पोरगा फर-व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर इथून गेला. मड लेक ओलांडायला तीन दिवस लागले. माणसं चिखलात रुतून होड्या ओढत होती, अंगाला जळवा चिकटल्या होत्या आणि त्या सोडवायला तंबाखूचं पाणी लावावं लागत होतं.

कालव्याचं काम 1836 ला सुरू झालं, 1848 ला संपलं. लांबी 96 मैल. जोलिएचा अर्धा लीग बघा कुठे गेला! मग 1900 मध्ये आणखी खोल कालवा काढून शिकागो नदीच उलटी वळवली, कारण शहराची घाण पिण्याच्या पाण्याच्या सरोवरात जात होती.

दोन खोरी कायमची जोडल्याचा त्रास आता होतोय. आपल्याकडे शेततळ्यात सोडतात तो चंदेरा (सिल्व्हर कार्प) मिसिसिपीच्या खोऱ्यात बेसुमार वाढलाय. तो सरोवरात शिरू नये म्हणून 2002 पासून कालव्याच्या पाण्यात विजेचा अडसर लावलाय.