‘मत मांडा’पाशी अडलेली मुलगी

“मॅडम, मी तीनदा लिहिलो आणि तीनदा फाडलो.” निपाणीकडची बी.ए.ची मुलगी, बेळगावात हॉस्टेलवर राहणारी. (आमच्या सीमाभागात मुलीसुद्धा ‘लिहिलो’, ‘आलो’ असंच बोलतात.) मराठीच्या पेपरसाठी निबंध द्यायचा होता, विषय ‘माझ्या भागातील एक व्यवसाय’. मुदत चार दिवसांवर आली होती आणि आपल्याला मराठीच येत नाही, अशी तिची खात्री झाली होती.

फाडलेले कागद तिने वहीत जपून ठेवले होते. मी ते जुळवून वाचले. भाषा उत्तम होती. तिन्ही खर्ड्यांचं पहिलं वाक्य जवळपास एकच होतं: ‘विडी उद्योग बंद झालाच पाहिजे.’ आणि तिन्ही दुसऱ्या परिच्छेदातच थांबले होते.

“घरी विड्या कोण बांधतं?”

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आई. तिच्या पैशावर मी शिकायलोय. तंबाखूनं माणसं मरतात हे खोटं लिहू काय? आणि खरं लिहिलं तर आईला वाईट ठरवू काय?”

तिची गाठ मला तेव्हा दिसली. शाळेत वक्तृत्व स्पर्धा गाजवलेल्या मुलांना वाटतं, की कॉलेजचा निबंध म्हणजे ठाम मत आणि त्यासाठी युक्तिवाद. पण युक्तिवाद लिहायला आधी मन एका बाजूला यावं लागतं. तिचं आलेलं नव्हतं, आणि अठराव्या वर्षी आईच्या कामाचा निवाडा चार दिवसांत कुणी करावा, असं मलाही वाटत नाही.

“विषयात ‘मत मांडा’ कुठं आहे, दाखव.” तिने कागद दोनदा वाचला. कुठेच नव्हतं.

मी मुलांना आधी हेच बघायला लावते. ‘वर्णन करा’ म्हटलं असेल तर डोळ्यांनी पाहिलेलं आलं पाहिजे, ‘कारणे सांगा’ असेल तर एका गोष्टीतून दुसरी कशी घडली ते. तिथे आपली आवड चालत नाही. मागे चिकोडी तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका मुलाने ऑगस्ट २०१९ च्या महापुरावर फार सुंदर लिहिलं होतं, पाण्यात बुडालेला गोठा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. पण प्रश्न होता कारणे आणि परिणामांचा. सह्याद्रीतला पाऊस, धरणांतून सोडलेलं पाणी, दूधगंगा-वेदगंगेचं पाणी येऊन मिळाल्यावर फुगलेली कृष्णा, यातलं एक अक्षरही त्याने लिहिलं नव्हतं. गुण गेले, आणि ते योग्यच होतं.

हिच्या विषयात मात्र मोकळीक होती. अशा वेळी मी विचारते, तुझ्याजवळ काय आहे, जे वर्गात दुसऱ्या कुणाजवळ नाही?

“काय न्हाई.”

“आई विडी कशी बांधते ते सांग.”

आणि ती सांगू लागली. टेंभुर्णीची पानं पाण्यात भिजवायची. मग पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं एका मापाची कापायची. मांडीवर सूप, त्यात जर्दा. चिमूट पानावर पसरायची, वळायचं, टोक मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. पंचवीसचं एक बंडल, मजुरी हजाराच्या हिशेबानं. खराब म्हणून बाजूला काढलेल्यांचे पैसे नाहीत. बोलता बोलता तिची बोटं टेबलावर विडी वळत होती. तिचं तिला कळलंही नाही.

“हेच लिही. पहिल्यापासून शेवटपर्यंत, ज्या क्रमाने होतं त्या क्रमाने.”

“मग विचार कुठं येणार? हा नुसता प्रक्रियेचा निबंध झाला की.”

तिची शंका रास्त होती. कथन, वर्णन, विवेचन, युक्तिवाद हे कप्पे पाठ्यपुस्तकांत रूढ होण्यात स्कॉटलंडच्या अलेक्झांडर बेन यांच्या १८६६ च्या पुस्तकाचा मोठा हात आहे. शिकवायला ते सोयीचे आहेत, पण जिवंत निबंध एकाच कप्प्यात मावत नाही. एक पद्धत कण्यासारखी धरायची आणि बाकीच्या लागतील तिथे बोलवायच्या. तिचा कणा प्रक्रिया. हजाराच्या मजुरीपाशी आल्यावर १९६६ साली विडी कामगारांसाठी वेगळा कायदा झाला होता, हे सांगता येतं. या कामगारांच्या कल्याण निधीसाठी विड्यांवर लागणारा उपकर जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये बंद झाला, तेही तिथेच बसतं. आणि सुपातल्या जर्द्याची धूळ आईच्या नाकातोंडात रोज जाते, हे लिहिलं की तंबाखूबद्दल आणखी ओरडून सांगावं लागत नाही.

“आणि बंद व्हावा की नको, ते?”

“माहीत नसेल तर तसंच लिही. एका वाक्यात, शेवटी.”

तिसऱ्या दिवशी ती खर्डा घेऊन आली. रात्री फोनवर आईला वाचून दाखवला होता. मायलेकी कामाबद्दल इतकं पहिल्यांदाच बोलल्या. आईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच चूक काढली: “भिजवली की लगीच कापत न्हाईत ग. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, ते लिवलंच न्हाईस.”

समासात पेन्सिलीने ते वाक्य घातलेलं होतं.