वाचकांचे प्रश्न : आउटबोर्डवर बॅटरी भरत नाही, दोष कोठे शोधावा?

प्रश्न : शापोरा नदीत माझी लहान फायबरची होडी असते. तिला ९.९ अश्वशक्तीचे, बटणावर सुरू होणारे आउटबोर्ड इंजिन आहे. संध्याकाळी गळ टाकण्यासाठी निघतो, दिवे आणि फिश फाइंडर चार-चार तास चालू राहतात, आणि अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की बॅटरी बसते. मग दोरी ओढूनच इंजिन सुरू करावे लागते. बॅटरी नवी आहे. स्टेटर (इंजिनातला वीज तयार करणारा कॉइलचा भाग) जळाला असून फ्लायव्हील (त्यावरचे फिरते जड चाक) उतरवून तो बदलावा लागेल, असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. हा खर्च करण्यापूर्वी खात्री कशी करून घ्यावी?
— एक वाचक, शिवोली

उत्तर : मीटर (व्होल्टेज आणि रोध मोजणारा मल्टिमीटर) न लावता स्टेटर बदलू नये. आपल्या पत्रातून दोन वेगळ्या शक्यता दिसतात : चार्जिंग मुळीच होत नसेल, किंवा होत असूनही आपल्या वापराला पुरत नसेल. दुसऱ्या प्रकारात इंजिनात काहीच बिघडलेले नसते आणि नवा स्टेटर बसवूनही बॅटरी पूर्वीसारखीच बसते.

फ्लायव्हीलच्या आतील चुंबक फिरू लागले की स्टेटरच्या कॉइलमध्ये एसी वीज तयार होते, रेक्टिफायर तिची डीसी करतो आणि रेग्युलेटर असल्यास तो व्होल्टेज आवरून धरतो. या वर्गातील बऱ्याच इंजिनांची क्षमता ६ अँपिअरच्या आसपास असते आणि तीही जवळजवळ पूर्ण वेगावर. गळ टाकून हळूहळू सरकताना त्यातला अगदी थोडा भाग मिळतो. आपला हिशेब मांडून पाहू. जुन्या पद्धतीचे १० वॅटचे दोन दिवे पावणेदोन अँपिअर घेतात, त्यात फिश फाइंडरचा अर्धा-पाऊण अँपिअर मिळवला की चार तासांत नऊ-दहा अँपिअर-तास खर्ची पडतात, आणि परतीच्या वाटेवर अर्धा तास पूर्ण वेगाने आलात तरी जेमतेम तीन परत मिळतात. बहुतेक जण दोष स्टार्टरला देतात, पण तो तीन सेकंद १०० अँपिअर ओढत असला तरी एका अँपिअर-तासाचा दहावा हिस्सासुद्धा खर्च होत नाही.

आता प्रत्यक्ष तपासणी. बॅटरी आधी घरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी आणि काही तास तशीच ठेवावी. त्यानंतर तिच्या टर्मिनलवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत. १२.२ च्या खाली असेल तर नवेपणाची पावती बाजूला ठेवून आधी बॅटरीच तपासून घ्यावी. नंतर होडी पाण्यात असताना इंजिन सुरू करून (कोरडे चालवल्यास पाण्याच्या पंपाचा इंपेलर जळतो) प्रथम मंद वेगावर आणि मग मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या आसपास पुन्हा मोजावे. वेग वाढवल्यावर आकडा १३.५ ते १४.५ व्होल्टपर्यंत चढला तर चार्जिंग होत आहे. तो १२.५ च्या घरातच रेंगाळला तर दोष आहे, आणि १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलेला आहे किंवा मुळात नाहीच. अशा वेळी सीलबंद बॅटरी लवकर खराब होते. हीच चाचणी उतरलेल्या बॅटरीवर केल्यास फसगत होते, कारण सहा अँपिअरनी तिचे व्होल्टेज लगेच १४ वर जात नाही.

दोष निघालाच तर फ्लायव्हीलपर्यंत पोहोचण्याआधी वायरिंग पाहावे. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत बिघाड बहुधा येथेच सापडतो. फ्यूज डोळ्यांनी पाहून भागत नाही; तो काढून मीटरने तपासावा, कारण तार शाबूत असूनही पायांवर हिरवा कळंक चढलेला असतो. मग इंजिन वेगात असताना मीटरची एक सुई रेक्टिफायरच्या लाल वायरच्या टोकावर आणि दुसरी बॅटरीच्या धन टर्मिनलवर धरावी. येथे अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला तर मधला एखादा जोड वीज अडवत आहे, असे समजावे. ऋण बाजूलाही हीच चाचणी घ्यावी. लगच्या (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीच्या) मागे वायरचे आवरण थोडे सोलून पाहिल्यास आतील तांबे काळे पडलेले आढळेल. अशी वायर घासून उपयोग नाही, तेवढा तुकडा कापून नवा लग दाबून बसवावा.

जोड ठीक असतील तर इंजिन बंद करावे, बॅटरी सोडवावी आणि स्टेटरच्या वायरी रेक्टिफायरपासून वेगळ्या कराव्यात. कॉइलचा रोध ओहमच्या अंशापासून एक-दोन ओहमपर्यंत असतो. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. मीटरच्या सुया एकमेकींना टेकवल्यावर दिसणारे ०.२-०.३ ओहम त्यातून वजा करण्यास विसरू नये, नाहीतर चांगली कॉइलही वाईट ठरते. कॉइल आणि इंजिनचा धातू यांच्यामध्ये मात्र, मॅन्युअलमध्ये वेगळे सांगितलेले नसल्यास, जोड दिसता कामा नये. साधा रेक्टिफायर मीटरवरील डायोडच्या खुणेवर एका दिशेने सुमारे अर्धा व्होल्ट दाखवतो आणि उलट दिशेने काहीच नाही. दोन्ही बाजूंनी सारखेच दिसले तर तोच गेलेला आहे. बॅटरीच्या वायरी एकदाच उलट लावल्या तरी तो जळतो, तेव्हा मागील हंगामात असे काही घडले होते का, हे आठवून पाहावे.

या सर्व चाचण्या ठीक निघाल्या, तर दिवे एलईडीचे बसवावेत आणि महिन्यातून दोन-चार वेळा बॅटरी घरी भरून घ्यावी. मला आपल्या बाबतीत हीच शक्यता अधिक वाटते.

प्रश्न : बॅटरी दुरुस्तीला दिल्यास इंजिन दोरीने सुरू करून तसेच चालवता येईल का?
— एक वाचक, बेतूल

उत्तर : कार्ब्युरेटरच्या बहुतेक लहान इंजिनांत ठिणगीसाठी वेगळी कॉइल असते, त्यामुळे ते बॅटरीविना चालते. मात्र सोडलेल्या दोन्ही वायरींची टोके स्वतंत्रपणे टेपने गुंडाळून एकमेकींपासून आणि धातूपासून दूर बांधावीत, आणि आपल्या मॉडेलचे माहितीपुस्तक याला परवानगी देते ना, हे आधी पाहावे. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही सोडू नये. व्होल्टेज एकदम उसळते आणि रेग्युलेटर त्याच क्षणी निकामी होऊ शकतो.