युरोपियम उसळलं म्हणून हुरळू नकोस

विहिरीच्या पाण्यातली दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं (युरोपियम, सिरियम, गॅडोलिनियम अशा एकाच कुळातल्या धातू) मोजणार असशील तर पाणी तिथेच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घे, मगच शुद्ध नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आण. क्रम उलटला की गढूळ कणांना चिकटलेलंही पाण्यात उतरतं. माझ्या बारा बाटल्या अशाच वाया गेल्या!

या मूलद्रव्यांच्या प्रमाणाच्या आलेखात युरोपियम शेजाऱ्यांपेक्षा वर दिसलं तर आधी बेरियम तपास. आयसीपी-एमएसमध्ये, म्हणजे वस्तुमानावरून मूलद्रव्य ओळखणाऱ्या यंत्रात, बेरियम-१३५ ला ऑक्सिजन-१६ चिकटला की वस्तुमान १५१, म्हणजे थेट युरोपियमचा मुखवटा. सिरियम खाली गेलं तर ते बहुधा खरं असतं. ऑक्सिजन असलेल्या पाण्यात ते +४ भाराचं होऊन मँगनीजच्या ऑक्साइडांवर बसतं. गॅडोलिनियम एकटंच वर आलं तर मात्र खडकात कारण शोधणं सोड, सांडपाणी शोध. एमआरआयच्या इंजेक्शनमधून येतं ते.