जोडी निवडण्यापूर्वी

तुम्ही पास्टेल, पायबाल्ड आणि स्पायडर या रंगप्रकारांची तीन बॉल पायथन (घरी पाळले जाणारे अजगर) एकदम घेणार आहात, असे कळले. स्पायडर वगळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या जनुकासोबत डोके डुलण्याचा दोष येतोच, आणि माझ्याकडच्या एका नराची मान उंदीर पकडताना स्क्रूसारखी उलटी फिरत असे, ते पाहवत नसे.

पायबाल्डचे जनुक अप्रभावी आहे. पायबाल्ड नर आणि साधी मादी यांची सगळी पिल्ले साधीच दिसतात, पण ते जनुक अंगी असलेली, म्हणजे वाहक असतात; अशा दोन वाहकांच्या जोडीतून सरासरी चारांत एक पायबाल्ड निघते, आणि मादी एका वेळी बहुधा चार-सहाच अंडी घालत असल्याने या सरासरीवर फार विसंबू नये. एक नर अनेक माद्यांना पुरतो, म्हणून जास्तीचा पैसा नरावर घालावा. मादी साधी चालेल, मात्र ती १५०० ग्रॅमच्या पुढची आणि सुमारे तीन वर्षांची असावी. घेताना हनुवटीखालची घडी भिंगातून पाहावी. खसखशीएवढे काळे ठिपके हलले, तर त्या रक्त शोषणाऱ्या किडी (माइट) समजाव्यात आणि तो प्राणी घरी आणू नये.

परिवेश या केंद्र सरकारच्या पोर्टलवरील नोंदणीचे कागद विक्रेत्याकडून आधी मागावेत. पिल्लांचीही नोंद करावी लागते.

अंडी ३१-३२ अंशांवर उबवतात, पण इंदूरच्या मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकते आणि साधा इनक्युबेटर फक्त तापवतो, थंड करीत नाही.