आमच्याकडे कुणालाच नव्हता, मग मला कसा?

या महिन्यात स्तनाच्या कॅन्सरबद्दल, म्हणजे तो कुणाला होण्याची शक्यता जास्त असते याबद्दल तुमचे प्रश्न मागवले होते. पत्रं, मेल, व्हॉट्सअॅप सगळ्या वाटेने प्रश्न आले आणि बऱ्याच जणींनी नाव छापू नका असं लिहिलंय, त्यामुळे कुणाचंच नाव देत नाहीये, फक्त गाव आणि वय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न (नाशिक, वय 47): डॉक्टर, मला मागच्या महिन्यात डाव्या बाजूला स्तनाचा कॅन्सर निघाला. माहेरी सासरी कुणालाच नव्हता. मी शाकाहारी, व्यसन कसलंही नाही, दोन मुलं, दोघांनाही दीड-दीड वर्ष अंगावर पाजलंय. रात्र रात्र झोप येत नाही, एकच विचार येतो की माझं चुकलं कुठे?

उत्तर: ताई, तुमचं काहीही चुकलेलं नाही. हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाहीये, खरंच तसं आहे म्हणून म्हणतेय. ओपीडीत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच असतो आणि त्याचं उत्तर ऐकून बायकांना आश्चर्य वाटतं. स्तनाच्या कॅन्सरची सगळ्यात मोठी दोन कारणं म्हणजे बाई असणं आणि वय वाढणं, बस. जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की साधारण निम्म्या पेशंटमध्ये या दोन गोष्टी सोडून दुसरा कुठलाच ठरावीक रिस्क फॅक्टर सापडत नाही. आणि घराण्यातून आलेल्या जीनमुळे होणारे कॅन्सर शंभरात पाच ते दहाच, बाकीचे बहुतेक असेच, "आमच्याकडे कुणालाच नव्हता" वाले. 2022 सालच्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात 1 लाख 92 हजार बायकांना नव्याने हा आजार झाला, त्यातल्या बहुतेक जणी तुमच्यासारख्याच असणार.

रिस्क फॅक्टर म्हणजे काय तर हजारो बायका पाहिल्यावर अमुक गोष्ट असलेल्यांत आजार थोडा जास्त दिसतो, एवढंच. त्यातल्या एका बाईला का झाला हे त्यावरून सांगता येत नाही, मलाही नाही आणि तुमच्या शेजारणीलाही नाही. तुम्ही सगळं नीट करूनही झाला, काही जणींच्या बाबतीत सगळं उलट असूनही होत नाही. आता ट्रीटमेंट सुरू करा, मध्ये सोडू नका. आणि तुमच्या बहिणींना आणि मुलगी असेल तर तिला मात्र सांगा, लपवू नका, कारण आता "आमच्याकडे कुणाला नाही" हे वाक्य त्यांना लागू होत नाही.

प्रश्न (डोंबिवली, वय 33): माझ्या आईला 44 व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला, ती आता बरी आहे. मोठी मावशी ओव्हरीच्या कॅन्सरने गेली. मी जीनची टेस्ट करून घ्यावी का? घरात माझ्यासाठी स्थळं बघतायत आणि आई म्हणते आत्ता टेस्ट नको, काही निघालं तर लग्न जमणार नाही.

उत्तर: तुझा प्रश्न वरच्यापेक्षा वेगळा आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगते. नुसती आई किंवा बहीण अशा एकीला झाला असेल तर रिस्क साधारण दुप्पट होते, तेवढ्याने लगेच जीनची टेस्ट लागतेच असं नाही. पण कमी वयात झालेला असेल, दोन्ही बाजूंना झालेला असेल, घरातल्या एखाद्या पुरुषाला झालेला असेल किंवा तुझ्याकडे आहे तसं एकाच बाजूच्या नात्यात स्तन आणि ओव्हरी दोन्ही असतील, तर जेनेटिक काउन्सेलरला, म्हणजे जीनच्या टेस्टबद्दल सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाला, भेटायलाच हवं.

बीआरसीए 1 आणि बीआरसीए 2 असे दोन जीन आहेत. मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी 1990 मध्ये दाखवून दिलं की काही घराण्यांतल्या या कॅन्सरचं मूळ 17 नंबरच्या क्रोमोसोमवर (गुणसूत्रावर) आहे, तोच पुढे बीआरसीए 1 म्हणून ओळखला गेला. तोपर्यंत स्तनाचा कॅन्सर असा वारशाने येतो हे बऱ्याच जणांना पटतच नव्हतं. या जीनमध्ये बिघाड असलेल्या बायकांत ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता 70 टक्क्यांच्या आसपास जाते. आई किंवा वडील, ज्यांच्यात बिघाड असेल त्यांच्याकडून तो मुलात यायची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. वडिलांकडूनही येतो हे नीट लक्षात ठेव, कारण आपल्याकडे हिस्ट्री विचारली की बायका आई, मावशी, आजी एवढंच सांगतात आणि आत्या आणि वडिलांची आई राहूनच जातात. ती चौकशीही घरात कर.

टेस्ट आधी तुझी नाही, आईची करायची. ज्या व्यक्तीला कॅन्सर झालाय तिच्यात बिघाड सापडला तर मग तुझ्यात तोच आहे का हे नेमकं बघता येतं. आईच्यात सापडला आणि तुझ्यात नाही निघाला तर डोक्यावरचं मोठं ओझं उतरेल. कधी कधी रिपोर्टमध्ये असा बदल येतो ज्याचा अर्थ अजून लागलेला नाही, तो बघून घाबरायचं नाही आणि त्याच्यावर ऑपरेशनचा निर्णयही घ्यायचा नाही. खरोखर पॉझिटिव्ह निघाली तर दरवर्षी एमआरआय, पुढे ओव्हरी काढणं, स्तनांचं ऑपरेशन असे पर्याय असतात, ते कधी आणि कुठले हे शांतपणे बसून ठरवायचं असतं.

आणि लग्नाचं. आईची काळजी मला समजते, तिने स्वतः हे सोसलंय. पण टेस्ट केली नाही म्हणून जीन बदलत नाही. रिपोर्ट तुझा आहे, तो कुणाला कधी सांगायचा हे तू ठरव, पण तुझ्यापासूनच तो लपवून ठेवायचा हे मला अजिबात पटत नाही. टेस्ट होईल तेव्हा होईल, तपासणी मात्र आत्ताच सुरू कर, आईला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधीपासून तपासणी सुरू करायची असं साधारण धरतात, म्हणजे तुझी वेळ आलीच आहे.

प्रश्न (सांगली, वय 41): माझ्या धाकट्या जावेला 38 व्या वर्षी झाला. सासूबाई येणाऱ्या जाणाऱ्याला सांगतात की नोकरीपायी मूल उशिरा केलं, दूध पाजलं नाही, म्हणून झालं. ती ऐकून रडते. यात खरं किती?

उत्तर: या प्रश्नासाठी तुमचे आभार, कारण अशा जावा आणि अशा सासवा माझ्या ओपीडीत पण येतात.

आधी जे खरं आहे ते सांगते. बाळंतपण आणि दूध पाजणं यांचा या आजाराशी संबंध आहे आणि तो फार जुन्या काळापासून माहीत आहे. इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या डॉक्टरांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलंय की मठातल्या नन्समध्ये स्तनाचा कॅन्सर जास्त दिसतो. 1926 मध्ये इंग्लंडमध्ये जेनेट लेन-क्लेपॉन या डॉक्टर बाईंनी कॅन्सर झालेल्या आणि न झालेल्या बायकांची शेजारी शेजारी तुलना केली आणि त्यातही उशिरा लग्न, कमी मुलं, कमी पाजणं हे पुढे आलं. आपल्याकडे मुंबईच्या कॅन्सर रजिस्ट्रीत, म्हणजे कॅन्सरच्या पेशंटच्या नोंदीत, पारशी बायकांत हे प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसत आलंय, त्यांच्यात लग्नं उशिरा आणि मुलं कमी. याच्या उलट सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी, तिथे 1987 पासून ग्रामीण रजिस्ट्री आहे आणि तिथलं प्रमाण मुंबईपेक्षा खूपच कमी. कारण असं की पाळी लवकर सुरू झाली आणि उशिरा गेली तर स्तनातल्या पेशी जास्त वर्षं इस्ट्रोजेन या हार्मोनच्या चढउतारात राहतात, आणि पहिलं बाळंतपण झालं की त्या पेशी पक्क्या होतात, त्यांच्यात बिघाड व्हायची शक्यता कमी होते. मात्र प्रत्येक बाळंतपणानंतर काही वर्षं रिस्क उलट थोडी वाढते आणि मग उतरते, आणि पहिलं मूल पस्तिशीनंतर झालेलं असेल तर ती वाढ जास्त जाणवते.

आता हा संबंध किती मोठा ते बघा, कारण सासूबाई ते सांगत नाहीत. 2002 मध्ये 30 देशांतल्या 47 अभ्यासांचा एकत्र हिशोब केला गेला. त्यात निघालं की एकूण 12 महिने पाजलं तर रिस्क 4.3 टक्क्यांनी कमी होते आणि प्रत्येक बाळंतपणामागे 7 टक्क्यांनी. हे टक्के मूळ रिस्कमधले आहेत हं. म्हणजे समजा शंभर बायकांत चौघींना आयुष्यात कधीतरी कॅन्सर होणार असेल, तर त्या शंभरही जणींनी वर्षभर जास्त पाजलं तर चारच्या जागी 3.8 होतील. लाखो बायकांचा विचार केला तर हा फरक मोठा आहे, म्हणून बाळंतिणीला पाजायला मदत करा, ऑफिसातून रजा द्या हे आम्ही जीव तोडून सांगतो. पण तुमच्या जावेला तेवढ्यामुळेच झाला असं जगातला कुठलाही डॉक्टर म्हणू शकत नाही. वर नाशिकच्या ताईंनी तर दोन मुलांना दीड-दीड वर्ष पाजलंय.

किमो चालू असलेल्या बाईला घरातलंच माणूस जेव्हा तूच ओढवून घेतलंस म्हणतं तेव्हा ती खचते, पुढच्या डोसला यायला नको म्हणते, हे मी पाहिलंय. सासूबाईंना हे उत्तर वाचून दाखवा. त्या वाईट असतात असं नाही, घाबरलेल्या असतात आणि कारण सापडलं की बरं वाटतं, पण त्याची किंमत सून मोजते. मूल कधी हवं हे तिने एकटीने ठरवलेलं नसतं आणि दूध न येणं तर कुणाच्याच हातात नसतं.

अजून एक, याच विषयातलं आणि जास्त महत्त्वाचं. पाजत्या बाईच्या स्तनात गाठ लागली की दुधाची गाठ आहे म्हणून शेकत बसतात. दूध काढून, शेकूनही दोन आठवड्यांत गेली नाही तर सोनोग्राफी कराच, ती बाळाला पाजत असतानाही करता येते.

प्रश्न (लातूर, अकोला, ठाणे आणि इतर): घट्ट किंवा काळी ब्रा, डिओ, ब्लाउजमध्ये मोबाइल ठेवणं, छातीला मार लागणं यांनी होतो का?

उत्तर: यातल्या कशानेही होतो असा पुरावा नाही. मार लागल्यावर हात लावून बघितलं जातं आणि आधीचीच गाठ तेव्हा सापडते, म्हणून तसं वाटतं. ब्लाउजमध्ये पाकीट ठेवलं तरी चालेल, गाठ लागली आणि दाखवली नाही तर मात्र चालणार नाही.

प्रश्न (कोल्हापूर, वय 56): पाळी जाऊन चार वर्षं झाली. वजन खूप वाढलंय, सगळं पोटावर. अंगातून वाफा येतात म्हणून मैत्रिणीने सांगितलेल्या हार्मोनच्या गोळ्या मेडिकलमधून आणून घेतेय. चालेल ना?

उत्तर: मैत्रिणीच्या सांगण्यावरून नाही चालणार. पाळी गेल्यावर ओव्हरी इस्ट्रोजेन बनवायचं जवळपास थांबवते, पण अंगावरची चरबी ते बनवत राहते, त्यामुळे या वयात वाढलेलं वजन स्तनाच्या कॅन्सरची रिस्क वाढवतं. मुंबईत टाटा मेमोरियलच्या अभ्यासात तर असं दिसलं की आपल्या बायकांत नुसत्या वजनापेक्षा कंबर आणि नितंबांच्या घेराचं प्रमाण जास्त बोलकं आहे. बारीक हातपाय आणि सुटलेलं पोट ही आपली नेहमीची ठेवण, म्हणून वजनकाट्याबरोबर टेपही घ्या. रोज अर्धा पाऊण तास भरभर चालणं, रात्रीचं जेवण लवकर आणि कमी, एवढ्यापासून सुरुवात करा. दारू तुम्ही घेत नसाल, पण हल्ली पार्टीत वाइन घेणाऱ्या वाचकांसाठी सांगते की थोड्या दारूनेही रिस्क वाढते आणि वाइन त्याला अपवाद नाही.

गोळ्यांचं असं. अमेरिकेत हजारो बायकांवर चाललेला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम हार्मोन) एकत्र देण्याचा अभ्यास जुलै 2002 मध्ये मध्येच थांबवावा लागला, कारण गोळ्या घेणाऱ्यांत दर 10 हजार बायकांमागे वर्षाला आठ कॅन्सर जास्त दिसले. आकडा ऐकून घाबरू नका, तो छोटा आहे, आणि खूप त्रास असेल तर थोड्या काळासाठी डॉक्टर विचार करून या गोळ्या देतातही. पण आधी स्तनांची तपासणी, मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे), घरातली हिस्ट्री आणि बीपी बघून. तुम्ही या आठवड्यात गायनॅककडे जा आणि गोळीचं पाकीट बरोबर न्या.

प्रश्न (चिपळूणजवळचं गाव, वय 52): आमच्या इथे मॅमोग्राफी नाही, रत्नागिरीला किंवा मुंबईला जावं लागतं. मग काय करायचं?

उत्तर: हाताने केलेली नीट तपासणीही कामाची असते. मुंबईत टाटा मेमोरियलने 1998 पासून 20 वर्षं दीड लाख बायकांवर अभ्यास केला, त्यात शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी वस्तीत जाऊन स्तन हाताने तपासत होत्या. गाठी लवकरच्या स्टेजला सापडल्या, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. तुमचं वय नेमकं त्यातलंच आहे. सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या बायकांची अशी तपासणी सांगितलेली आहे, तुमच्या आशाताईंना विचारा की उपकेंद्रावर कुठल्या दिवशी असते, आणि जाताना शेजारच्या दोघीतिघींना घेऊन जा.

प्रश्न (सातारा, पुरुष, वय 61): उजव्या निपलच्या मागे कडक गाठ आहे, दुखत नाही. पुरुषांना हा कॅन्सर होतो का? बायकांच्या दवाखान्यात जायला अवघड वाटतं.

उत्तर: होतो काका, स्तनाच्या शंभर कॅन्सरमध्ये साधारण एक पुरुषाचा असतो. तुमची गाठ कॅन्सरचीच असेल असं नाही, काही औषधांनी आणि लिव्हरच्या आजारानेही तिथे सूज येते, पण दुखत नाही म्हणून थांबू नका, न दुखणारी कडक गाठच आधी तपासायची असते. बायकांच्या दवाखान्यात जायची गरज नाही, जनरल सर्जनकडे जा, ते सोनोग्राफी आणि सुईची तपासणी सांगतील. आणि तुमच्या आईला, बहिणीला कधी असं काही झालं होतं का ते आठवून कागदावर लिहून न्या, सर्जन विचारतील.