रेड अलर्टला ऊन, यलो अलर्टला पूर: पावसाचा इशारा कसा वाचावा?

चिपळूण आणि खेड तालुक्यांतील शेतकऱ्यांकडून या पंधरवड्यात आलेल्या प्रश्नांचा मथितार्थ एकच आहे. रेड अलर्ट होता म्हणून लावणीचे मजूर परत पाठवले आणि दिवसभर ऊन पडले. पुढच्या आठवड्यात यलो होता म्हणून निर्धास्त राहिलो, तर वहाळाचे (ओढ्याचे) पाणी गोठ्यात शिरले. मग या इशाऱ्यांवर विसंबायचे कसे, आणि त्या दिवसांत लावणी, युरिया, जनावरे यांचे काय करायचे?

तक्रार रास्त आहे. मात्र तिचे मूळ बहुतेक वेळा अंदाज चुकण्यात नसून तो अर्धाच वाचण्यात असते. आपण रंग पाहतो आणि खालचे वाक्य सोडून देतो. हवामान विभागाच्या भाषेत 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढे जोरदार, 115.6 पासून अति जोरदार आणि 204.5 पासून अत्यंत जोरदार पाऊस धरतात. हा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजला जातो. त्याच वाक्यात ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’ असेही शब्द असतात आणि ते मोघम नसतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातील जास्तीत जास्त चौथा हिस्सा पर्जन्यमापक केंद्रांवर तसा पाऊस होईल. म्हणजे जिल्ह्याला रेड असताना त्याच जिल्ह्यातील मंडणगडात धो धो कोसळला आणि आपल्या वाडीत ऊन पडले, तरी तो अंदाज खोटा ठरत नाही. रंग जिल्ह्याचा असतो, पूर मात्र आपल्या वहाळाला येतो.

कोकणात हा फरक फार महाग पडतो. सह्याद्रीचा माथा आणि समुद्र यांच्यातील पट्टी अरुंद, उतार उभा आणि नद्या आखूड आहेत. घाटात पडलेले पाणी काही तासांत खाली उतरते. पाऊस सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत येणाऱ्या अशा पुराला शास्त्रात आकस्मिक पूर म्हणतात. खाली कोरडे असताना वहाळ फुगतो, त्याचे कारण हेच. 23 जुलै 2021 च्या सकाळी संपलेल्या 24 तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. सावित्री नदी तिथूनच उगम पावून महाडकडे उतरते. त्याच पावसात 22 जुलैला चिपळूणात वाशिष्ठी नदीचे पाणी बाजारपेठेत शिरले. आषाढी पौर्णिमा 24 तारखेला होती, म्हणजे खाडीला उधाणाचे दिवस होते. भरतीच्या वेळी नदीचे पाणी समुद्रात सहज जात नाही, ते मागे तुंबते. म्हणून खाडीकाठच्या शेतकऱ्याने पावसाच्या अंदाजाशेजारी पौर्णिमा, अमावास्या आणि भरतीची वेळ पाहायलाच हवी. आपल्या वडीलधाऱ्यांना हा हिशेब तोंडपाठ असे. मोबाइल आल्यावर आपण तो सोडून दिला, याचे मला वाईट वाटते.

तेव्हा इशारा तीन टप्प्यांत वाचावा. चार-पाच दिवसांच्या अंदाजावरून कामाची आखणी करावी. मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा कृषी हवामान सल्ला ‘मेघदूत’ अॅपवर मिळतो, तो यासाठी पुरेसा आहे. आदल्या दिवशीचा रंग आणि त्याखालचे वाक्य पाहून जनावरे, मोटार, बियाणे, खतांच्या गोणी यांची सोय करावी. प्रत्यक्ष हलायचे की नाही, हे मात्र पुढील तीन तासांसाठी दिल्या जाणाऱ्या तात्कालिक इशाऱ्यावरून ठरवावे. तो रडारच्या चित्रावरून काढलेला असल्याने ढग नेमका कुठे आहे हे त्याला अधिक ठाऊक असते. याशिवाय हवामान विभाग ऑक्टोबर 2020 पासून लहान पाणलोटांसाठी आकस्मिक पुराचे मार्गदर्शन देतो. त्यात पडणाऱ्या पावसाबरोबर जमीन आधीच किती भिजली आहे, हेही धरलेले असते. आठ दिवस झड लागल्यानंतर 80 मिलिमीटर पाऊस जे करतो, ते मृगाच्या पहिल्या आठवड्यात 150 मिलिमीटरही करणार नाही, कारण तेव्हा जमीन पाणी पिते. यलो अलर्टला गोठ्यात पाणी येण्याचे कारण बहुधा इथेच सापडेल.

आणखी एक साधन, पाऊस मोजण्याचे, आपले आपणच करायचे आहे. तोंड आणि बूड सारख्याच मापाचे, सरळ उभ्या भिंतीचे एक भांडे घ्यावे. बादली चालत नाही, कारण ती वर पसरट असते आणि आकडा फुगवते. पागोळी आणि पोफळींपासून दूर, उघड्यावर, वाऱ्याने कलंडणार नाही असे ते रोवावे आणि आतील पाण्याची उंची शाळकरी पट्टीने मोजावी. जेवढे मिलिमीटर पाणी, तेवढा पाऊस. एका गुंठ्यावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे 100 लिटर पाणी, त्यामुळे 100 मिलिमीटरला एका एकरावर सुमारे चार लाख लिटर पाणी उतरते. जोराच्या पावसात दर तासाला आकडा वहीत लिहावा आणि साकवाच्या (छोट्या पुलाच्या) खांबावर रंगाने केलेल्या खुणेला पाणी किती वाजता लागले, तेही लिहावे. दोन पावसाळ्यांत आपल्या वहाळाचा स्वभाव त्या वहीत उतरतो. हेच भांडे घाटाच्या पायथ्याच्या वाडीत एखाद्या सोयऱ्याकडे ठेवले आणि त्याने रात्री-अपरात्री फोन करण्याचे कबूल केले, तर खालच्या वाडीला मिळणारा वेळ कोणत्याही अॅपपेक्षा मोलाचा असतो.

आता शेताचे. ऑरेंज किंवा रेड असताना युरिया फेकू नये. तो पाण्याबरोबर वाहून जातो. लावणीच्या वेळी चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मध्ये खोल खोचलेल्या युरिया-डीएपी ब्रिकेट्सचे (या खतांच्या दाबून केलेल्या गोळ्यांचे) नुकसान पुष्कळ कमी होते, म्हणून वहाळाकाठच्या खाचरांत त्याच वापराव्यात. लावणी पूर्ण थांबवण्याची गरज नसते. वरकस (उताराची हलकी) आणि उंच खाचरे आधी उरकावीत, वहाळालगतची मागे ठेवावीत, कारण ताज्या लावणीची रोपे खोल पाण्यात उपटून तरंगतात. सगळा तरवा (लावणीची रोपे) एकदम काढू नये, नांगे (रोपे गेलेल्या रिकाम्या जागा) भरण्यासाठी थोडा राखावा. बांध फुटण्याची वाट न पाहता पाणी काढण्याची वाट आधीच मोकळी करावी, मात्र ती शेजाऱ्याच्या खाचरात उघडू नये. त्यावरून होणारी भांडणे पावसापेक्षा जास्त दिवस टिकतात.

नदीकाठची मोटार आदल्या दिवशीच वर काढावी, पाणी चढू लागल्यावर तिच्यासाठी कोणीही खाली उतरू नये. रात्री गुरे उंचावर न्यावीत. ते जमले नाही तर निदान दावी सोडावीत, बांधलेले जनावर उभ्या जागी बुडते. पाण्याखाली गेलेल्या साकवावरून किंवा पुलावरून जाऊ नये. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, तेव्हा अंधारात आलेल्या वाहनांना पुढे पूल उरलेला नाही हे दिसलेच नाही.

पाणी ओसरल्यावर खाचरातील गढूळ पाणी काढून टाकावे आणि पानांवरचा गाळ स्वच्छ पाण्याने धुवावा. खताचा पुढचा हप्ता नवे पान फुटताना दिसल्यावरच द्यावा. चिखलात अनवाणी काम टाळावे, ताप आल्यास लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या आजाराच्या) शंकेने त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. पंचनाम्यासाठी तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांना लगेच कळवावे व नुकसानीचे फोटो काढून ठेवावेत. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पावसाची नोंद झाल्यास अतिवृष्टी धरली जाते, पण ती नोंद मंडळाच्या केंद्रावरील असते. आपल्या भांड्यातील आकडा तिथे ग्राह्य धरला जाणार नाही. तरीही तारखेसह लिहिलेली वही पंचनाम्याच्या वेळी हाताशी ठेवावी.