उंच आलेला बिन

सप्रेम नमस्कार,

तुझं पत्र आणि सोबतचा डेटाचा प्लॉट (आलेख), दोन्ही मिळालं. तू सरळच विचारलंस: २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन सापडला, त्यानंतर एकही नवा मूलकण हाती लागलेला नाही, पुढे लागेल याची खात्री नाही, मग प्रायोगिक कण भौतिकीत आयुष्य घालवावं का? उत्तराला उशीर झाला, कारण पहिल्यांदा लिहिलेलं उत्तर फारच गोड झालं होतं. ते फाडून टाकलं.

बाहेरून आमचं काम म्हणजे 'शोध लावणं' असं दिसतं. आत आल्यावर कळतं, की दिवसाचे बहुतेक तास आपलं उपकरण आपल्याला कुठे फसवतंय हे हुडकण्यात जातात. नव्या कणाची स्वप्नं सगळ्यांनाच पडतात, त्यावरून काही ठरत नाही. हे हुडकणं तुला आवडतं का, मी एवढंच बघेन.

लेप या त्वरकाचं, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राचं, उदाहरण घे. १९८९ ते २००० या काळात जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेच्या २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळवले जात. त्या टकरींतून निर्माण होणाऱ्या झेड बोसॉन या मूलकणाचं वस्तुमान काटेकोर मोजायचं, तर झोताची ऊर्जा तितकीच काटेकोर माहीत हवी. ती मधूनच सरकायची. कारण निघालं चंद्र! समुद्रासारखी जमिनीलाही भरती येते आणि तेवढ्या ताणाने तो परीघ सुमारे एक मिलिमीटरने बदलत होता. तेवढ्याने भागलं नाही. शेजारच्या सरोवरातलं पाणी चढलं-उतरलं, तरी परिणाम दिसे. त्यात आणखी एक त्रास: चुंबकीय क्षेत्रात दिवसभर बारीक थरथर, मध्यरात्रीनंतर काही तास शांतता, पहाटे पुन्हा सुरू. जिनिव्हाहून पॅरिसकडे धावणाऱ्या विजेच्या गाड्यांचा रुळांतून जमिनीत झिरपलेला प्रवाह झोताच्या नळीतून वाहत होता. हे सगळं हिशेबात धरल्यावर झेडचं वस्तुमान निघालं ९१,१८७.५ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक), आणि त्यातली अनिश्चितता फक्त २.१. लाखात दोन-अडीच भाग. पाठ्यपुस्तकात हा आकडा अर्ध्या ओळीत उरकतो. चंद्र आणि रेल्वे त्यात कुठेच नसतात.

हे वाचून 'मला सापडायला हवं होतं हे' असं वाटलं असेल, तर तुझं इथे जमेल. 'कसली ही उस्तवार' असं वाटलं असेल, तर त्यातही वाईट काही नाही. सिद्धांताची वाट मोकळी आहे आणि तिकडची माणसं रात्री झोपतात.

माझी फजिती सांगते. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मला एका आलेखात नव्या कणाची खूण असावी तसा उंचवटा दिसला. चार दिवस झोप नाही, पेपरचं शीर्षकसुद्धा मनात तयार. पाचव्या दिवशी डिटेक्टरवर काम करणाऱ्या तंत्रज्ञाने सहज विचारलं, "या सगळ्या घटना एकाच कोपऱ्यातून तर येत नाहीत ना?" येत होत्या. कॅलोरिमीटरमधलं (कणांची ऊर्जा मोजणाऱ्या भागातलं) एक चॅनेल बिघडलं होतं आणि नसलेली ऊर्जा दाखवत होतं. मला लाज वाटली ती चूक झाल्याची नाही, तो प्रश्न मला सुचला नाही याची. त्याला सुचला, कारण त्या कोपऱ्यातल्या केबल त्याने स्वतः ओढल्या होत्या. म्हणून सांगते, पहिली दोन वर्षं नुसती संगणकासमोर काढू नकोस. डिटेक्टरचा एखादा तुकडा हातात घे. सोल्डरिंग कर, गळती शोध, कॅलिब्रेशनच्या रात्रपाळ्या कर. विश्लेषणाचा कोड कुणालाही शिकता येतो (हे माझं मत, तरुण सहकारी यावर चिडतात), पण आकडा कुठल्या तारेतून आला हे माहीत असणारी माणसं दर वर्षी कमी होताना मला दिसतात.

मोठ्या प्रयोगांनाही अशी भुरळ पडते. डिसेंबर २०१५ मध्ये अ‍ॅटलास आणि सीएमएस या सर्नच्या दोन्ही प्रयोगांना दोन फोटॉन (प्रकाशकण) असलेल्या घटनांमध्ये ७५० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास उंचवटा दिसला. काही महिन्यांत शेकडो सैद्धांतिक पेपर आले. ऑगस्ट २०१६ मध्ये जास्त डेटा आला आणि उंचवटा विरला. इथे उपकरण बिघडलेलं नव्हतं, तो निव्वळ संख्याशास्त्रीय चढउतार होता. आपण पाच सिग्माचा हट्ट धरतो तो यासाठीच. नुसत्या योगायोगाने तसा उंचवटा दिसण्याची शक्यता साधारण ३५ लाखांत एक असल्याशिवाय 'शोध' हा शब्द उच्चारायचा नाही.

आणि स्वतःच्या इच्छेपासून स्वतःला वाचवायचं, तर उत्तर आधी झाकून ठेवावं लागतं. अमेरिकेतल्या फर्मीलॅबच्या म्युऑन जी-२ प्रयोगात (म्युऑन या कणाचं चुंबकत्व मोजणाऱ्या) घड्याळाची खरी वारंवारता, जिच्याशिवाय अंतिम आकडा निघत नाही, प्रयोगातल्या कुणालाच सांगितलेली नव्हती. ती लिहिलेली पाकिटं बाहेरच्या दोन माणसांकडे बंद होती. सगळं विश्लेषण गोठवल्यावर पाकीट उघडलं आणि २०२१ मध्ये निकाल जाहीर झाला. तुझ्या पहिल्या विश्लेषणातही असं एखादं पाकीट असू दे. गाईडने सांगितलं नाही तरी.

आता 'काहीच सापडलं नाही तर' याविषयी. जपानमधला कामिओकांडे हा डिटेक्टर बांधला गेला प्रोटॉनचा क्षय पाहण्यासाठी. तो क्षय आजतागायत कुणालाही दिसलेला नाही. पण डिटेक्टर नीट समजलेला होता, सुधारलेला होता, चालू होता. आणि २३ फेब्रुवारी १९८७ रोजी शेजारच्या दीर्घिकेत फुटलेल्या ताऱ्याचे न्यूट्रिनो (पदार्थातून जवळजवळ अडथळ्याविना पार जाणारे कण) त्यात नोंदले गेले. मोजून अकरा. पुढे त्याच्या मोठ्या वारसदाराने, सुपर-कामिओकांडेने, १९९८ मध्ये वातावरणातले न्यूट्रिनो रूप बदलतात हे दाखवलं. तुलाही असा तारा भेटेल असं मी म्हणत नाहीये. बहुतेकांना भेटत नाही. पण 'अमुक वस्तुमानापर्यंत असा कण नाही' हे सचोटीने सांगणं हेही मोजमापच आहे.

माणसांच्या गर्दीबद्दल तू काही विचारलं नाहीस, तरी सांगते. अ‍ॅटलास आणि सीएमएसने मिळून २०१५ मध्ये हिग्जच्या वस्तुमानावर पेपर छापला, त्याचे लेखक होते ५,१५४. एकूण ३३ पानं, त्यातली संदर्भांसह मजकुराची नऊ, बाकी नावं आणि संस्था. अशा यादीतल्या नावाला नोकरी मिळत नाही. 'ट्रिगरच्या (कुठल्या टकरी नोंदवायच्या ते ठरवणाऱ्या यंत्रणेच्या) त्या भागाचं काही अडलं तर अमुकला विचारा', असं जिच्याबद्दल किंवा ज्याच्याबद्दल बोललं जातं, त्या व्यक्तीसाठी शिफारसपत्रं मनापासून लिहिली जातात. तेव्हा एक छोटा प्रांत निवड आणि तिथे पक्कं हो. बैठकीत प्रश्न विचार. पहिले सहा महिने ते बावळट वाटतील. वाटू देत.

प्रयोग निवडताना नावापेक्षा त्याचं वय बघ. हिग्ज ज्यावर सापडला त्या सर्नच्या लार्ज हेड्रॉन कोलायडर या त्वरकाबद्दल पहिली गंभीर चर्चा १९८४ मध्ये झाली आणि हिग्ज सापडला २०१२ मध्ये. मधल्या अठ्ठावीस वर्षांत कित्येकांनी फक्त चुंबक, चिप आणि सिम्युलेशन यांवर पीएचडी केली, काहीजण निकालाआधीच निवृत्त झाले. तुझ्याकडे पाच-सहा वर्षंच आहेत. जिथे डेटा येतोय आणि शेजारी पुढच्या डिटेक्टरचं बांधकामही चालू आहे, अशी जागा शोध. छोटे प्रयोगही बघ. वीस-तीस जणांच्या गटात कल्पनेपासून निकालापर्यंतचा सगळा प्रवास एकाच विद्यार्थ्याला बघायला मिळतो. मला तो मिळाला नाही, याची खंत अजून आहे.

पीएचडीनंतर दोन-तीन पोस्टडॉक (तात्पुरत्या संशोधन-नोकऱ्या), दर वेळी नवी जागा, आणि कायमच्या जागा उमेदवारांपेक्षा फारच थोड्या. माझ्या बरोबरीचे बरेचजण बाहेर पडले, सुखात आहेत. जोडीदार असेल तर हे आत्ताच मोकळेपणाने बोलून घ्या, तिसऱ्या स्थलांतराच्या वेळी नको.

राहता राहिला तुझा प्लॉट. तू त्याबद्दल एक शब्दही लिहिला नाहीस, पण शेवटून दुसरा बिन (आलेखातला कप्पा) उंच आलाय, आणि तो माझ्या नजरेला पडावा म्हणूनच तू तो पाठवलास असा मला दाट संशय आहे. त्या घटना डिटेक्टरच्या कुठल्या भागातून आल्या ते आधी काढ. मग दिवसाच्या आणि रात्रीच्या रन्स (डेटा घेण्याच्या फेऱ्या) वेगळ्या करून दोन्ही आलेख पाठव. एरर बार्स (प्रत्येक आकड्याची अनिश्चितता दाखवणाऱ्या रेघा) लावायला विसरलंयस, तेही लाव.

तुझी,
मावशी